ठासणीची बंदूक आणि बिनधुराची दारू : उल्हासनगर ते बदलापूर

कल्याण जंक्शन सोडून कर्जतच्या बाजूला निघाले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्टेशने लागोपाठ येतात. उजव्या हाताला मलंगगडाची रांग दिसत राहते. डाव्या हाताची उल्हास नदी कधी जवळ येते, कधी घरांच्या आड जाते. मुंबईची वस्ती आता या सगळ्या पट्ट्यात दाटली आहे, पण बदलापूरच्या पुढे अजून भाताची खाचरे आहेत, जांभळाची झाडे आहेत आणि रात्री खाचरात उतरणारी रानडुकरेही आहेत.

या तीन गावांची सफर आपण एक प्रश्न बरोबर घेऊन करणार आहोत. प्रश्न शेतकऱ्याच्या घरातलाच आहे. आजोबांच्या नावावर पीकसंरक्षणाचा परवाना आहे आणि घरात ठासणीची बंदूक आहे. पावसाळ्यात दारू सादळते, ऐन वेळी बार उडत नाही, उडालाच तर समोर धुराचा पडदा उभा राहतो. मग पारावर बोलणे निघते.

“काका, ही धुराची दारू कशाला? काडतुसातली दारू काढून घालू. धूर नाही की राख नाही.”

“अरे, नळी सोसेल का?”

“अमेरिकेत तर रायफलीची ठासणीची बंदूक करतात आणि तीच दारू वापरतात म्हणे. आपल्या लेथवाल्याला सांगू, तो देईल करून.”

पोराचे म्हणणे सगळेच खोटे नाही, म्हणून ते जास्त धोक्याचे आहे. त्यात खरे किती आणि जीव घेणारे किती, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्याचे उत्तर या तीन गावांत थोडे थोडे मिळते.

उल्हासनगर : जिथे काहीही बनते

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे सैनिकांसाठी मोठी लष्करी छावणी होती. फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांना या रिकाम्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. छावणीची खूण अजून पुसलेली नाही. पत्ता सांगताना लोक आजही कॅम्प एक, कॅम्प दोन, असे पाच नंबरपर्यंत सांगतात.

हातात काही नसताना आलेल्या या माणसांनी जे जमेल ते बनवायला घेतले. पापड, मिठाई, कपडे, फर्निचर, विजेचे सामान, यंत्रांचे सुटे भाग. परदेशी वस्तू समोर ठेवली तर आठ दिवसांत तशीच दुसरी करून देतील, अशी इथल्या कारागिरांची ख्याती झाली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यात टिंगल असली तरी कौतुकही आहे.

आता खऱ्या यूएसएकडे वळू. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ठासणीच्या बंदुकीने शिकार करणाऱ्यांसाठी वेगळा हंगाम राखलेला असतो. त्या हंगामाचा लाभ घ्यायचा तर बंदूक तोंडाकडूनच भरावी लागते. पण जुन्या दारूचा धूर आणि नळी धुण्याची कटकट नको, म्हणून काही जणांनी बिनधुराची दारू सोसेल अशी ठासणीची बंदूक करायचे मनावर घेतले. हेन्री बॉल नावाच्या कारागिराने अशी रचना केली आणि २००० सालाच्या सुमारास सॅव्हेज या कंपनीने त्या धर्तीची बंदूक बाजारात आणली. पुढे तिथले काही तज्ज्ञ बंदूकसाज रायफलींनाही तसे रूप देऊ लागले.

म्हणजे पोराने ऐकले ते खरे आहे. पण तिथे नेमके काय बदलतात, हे तो ऐकून आला नाही. रायफलीचा मागचा भाग, जिथे खटका आणि घोड्याची रचना असते, तो मुळातच मोठ्या दाबासाठी घडवलेला असतो. जुनी नळी बहुधा काढून टाकतात आणि जातिवंत पोलादाची, जाड अंगाची नवी नळी बसवतात. नळीचे मागचे तोंड आट्यांच्या भक्कम बुचाने बंद करतात. हे बुच नळीइतकेच मोलाचे असते. कोणत्या जातीची दारू किती, हे वजन करून, अगदी सोन्याच्या काट्यासारखे, ठरवलेले असते. इतके सगळे करूनही तिथे नळ्या फुटल्याचे आणि माणसे जायबंदी झाल्याचे प्रकार घडले आहेत.

पंख्याचा किंवा मिक्सरचा नकली भाग बिघडला तर फार तर पैसे वाया जातात. बंदुकीची नळी गालाला लावून उडवायची असते. बाहेरून हुबेहूब दिसणारी नळी कोणताही हुशार कातारी लेथवर करील. पण पोलाद कोणत्या जातीचे आहे, त्याला पाणी कसे दिले आहे, आत केसाएवढी चीर आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. ते कसे कळते, यासाठी पुढच्या स्टेशनावर उतरू.

अंबरनाथ : पितळेची वाटी

अंबरनाथला उतरलेला माणूस आधी शिवमंदिर पाहतो आणि ते योग्यच आहे. वालधुनी नदीकाठी शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० मध्ये शिलाहार राजा माम्वाणीच्या काळात हे मंदिर उभे राहिले. काळ्या दगडावरची मूर्तींची गर्दी पाहत पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले की बाहेरचा गोंगाट ऐकू येत नाही.

या गावाचा आगीशी जुना संबंध आहे. विमको कंपनीचा काडेपेट्यांचा मोठा कारखाना इथे होता. कारखाना बंद पडला, पण विमको नाका हे नाव राहिले. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे दोन कारखाने इथे आले. एक आयुध निर्माणी, जिला लोक नुसते ‘ऑर्डनन्स’ म्हणतात, आणि दुसरा यंत्रांचे पहिले नमुने घडवणारा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातल्या आयुध निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या. त्यात आयुध निर्माणी यंत्र इंडिया या कंपनीकडे आणि दुसरा कारखाना आर्मर्ड व्हेईकल्स निगम या कंपनीकडे गेला. आत जाण्यास अर्थातच मनाई आहे. भिंत, फाटक आणि पाळी सुटल्यावरची सायकली-मोटारसायकलींची रांग, एवढेच बाहेरच्या माणसाला दिसते.

आयुध निर्माणीत धातूचे काम चालते. काडतुसासाठी लागणाऱ्या पितळेच्या वाट्या हे तिथले एक जुने उत्पादन. ही वाटी पुढे ताणून ताणून लांब केली की तिचे काडतुसाचे कवच होते. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या वाटीत आहे.

रायफलीत बार उडतो तेव्हा आतला वायू सगळीकडे दाब देतो. गोळी पुढे जाते, पण वायूला मागेही यायचे असते, म्हणजे उडवणाऱ्याच्या डोळ्याकडे. त्याला अडवते ते पितळेचे कवच. दाबाने ते फुगते, नळीच्या अंगाला घट्ट चिकटते आणि वाट बंद करते. दाब ओसरला की थोडे आक्रसते आणि सहज बाहेर निघते. लोखंडाचा ताठपणा आणि शिशाचा मऊपणा यांच्या मधला हा गुण पितळेत आहे, म्हणून जगभर काडतुसाला पितळ लागते.

ठासणीच्या बंदुकीत हे कवच नसते. दारू नुसतीच नळीत पडलेली. मागचे बुच आणि टोपी बसवायचे बारीक छिद्र, यांनीच सगळा वायू अडवायचा. जुन्या बंदुकीत ते बुच जुन्या दारूच्या हिशेबाने बसवलेले असते. वर्षानुवर्षे गंजाने आटे खाल्लेले असतात, ते वेगळेच.

आता दोन दारूंमधला फरक पाहू. जुनी काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची. ती जळते तेव्हा निम्म्याहून अधिक भाग राख आणि धूर होऊन जातो. म्हणूनच नळी काळी होते आणि धुतली नाही तर गंजते. तिची ताकद कमी, आणि नळीतला दाब वाढला म्हणून तिचे जळणे फारसे पिसाळत नाही. बिनधुराची दारू निराळी. १८८४ साली पॉल व्हिए या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ती वापरण्याजोगी केली आणि १८८६ मध्ये फ्रेंच सैन्याच्या लेबेल रायफलीत ती आली. आपल्या देशात निलगिरीतल्या अरुवनकाडूला १९०४ साली अशा दारूचा कारखाना निघाला. ही दारू जवळजवळ सगळीच वायू होते. वजनाला वजन धरले तर तिची ताकद काळ्या दारूच्या सुमारे तिप्पट. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दाब वाढला की ती अधिक जोराने जळते आणि अधिक जोराने जळली की दाब आणखी वाढतो. कुकरची शिट्टी बंद झाली असताना खालचा जाळ आपोआप मोठा होत गेला, तर काय होईल? तसेच ते आहे.

आकड्यांत सांगायचे तर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात चौरस इंचाला पंधरा पौंडांच्या आसपास हवा असते. .३०-०६ नावाच्या प्रसिद्ध शिकारी रायफलीत हा दाब साठ हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो. ती रायफल त्यासाठीच घडवलेली असते. आजोबांची बंदूक नाही.

कोणी म्हणेल, बारा बोअरच्या काडतुसातही बिनधुराचीच दारू असते आणि त्या बंदुकीची नळी काही फार जाड नसते. बरोबर आहे. पण त्या काडतुसात दारूची जात, तिचे वजन आणि छऱ्यांचे वजन कारखान्यात जुळवलेले असते. ठासणीच्या बंदुकीत आपण मापाने दारू ओततो. काळ्या दारूचे माप काडतुसातल्या दारूने भरले, तर कारखान्याने ठरवलेल्या वजनाच्या कितीतरी पट दारू नळीत जाते. शिवाय बिनधुराच्या दाण्यांवर अनेकदा शिशपेन्सिलीतल्या शिशासारखा लेप असतो, त्यामुळे तीही काळपट दिसते. रंगावरून दारू ओळखता येत नाही. म्हणून डबीवर नाव नसलेली, कोणाकडून उसनी आणलेली दारू कधीच वापरू नये. नळी फुटते ती बहुधा मागच्या बाजूला, म्हणजे डावा हात आणि डोळे यांच्याजवळ.

मग नळी सोसेल की नाही हे कसे ठरवतात? लंडनमध्ये १६३७ पासून आणि बर्मिंगहॅममध्ये १८१३ पासून बंदुकांची कसोटी घेणारी घरे आहेत. तिथे नेहमीपेक्षा भारी बार भरतात, बंदूक माणसाच्या हातात न देता सुरक्षित जागी बांधून उडवतात आणि मग नळी तपासतात. कोठे फुगली नाही, तडा गेला नाही, तरच तिच्यावर शिक्का उठतो. कोणत्या दारूसाठी कसोटी झाली, तेही शिक्क्यावरून कळते. आपल्याकडेही कारखान्यातून निघणाऱ्या बंदुकीला अशी कसोटी द्यावी लागते. शिक्का असेल तोही त्या दिवशीच्या नळीचा. नंतर नळी आतून कातली, बुच बदलले, तर जुन्या शिक्क्याला अर्थ उरत नाही.

आपल्या देशातही रायफली बदलल्या गेल्या आहेत. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात जुन्या .३०३ रायफलींच्या .४१० मस्केटी करून पोलीस आणि पहारेकऱ्यांना दिल्या जात. त्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिथे जास्त ताकदीची बंदूक कमी ताकदीच्या काडतुसासाठी बदलली. अमेरिकेतही मोठ्या दाबाची रायफलच हाती घेतात. पारावरचा बेत याच्या नेमका उलटा आहे. कमी ताकदीच्या बंदुकीत जास्त ताकदीची दारू घालायची, असा तो बेत. बैलगाडीच्या जुवाला ट्रॅक्टर जुंपण्यातलाच हा प्रकार.

बदलापूर : खाचर आणि कायदा

शिवाजी महाराजांचे स्वार इथे घोडे बदलत, म्हणून गावाला बदलापूर नाव पडले, असे लोक सांगतात. स्टेशनच्या एका अंगाला कोंडेश्वरची वाट जाते, तिथे पावसाळ्यात धबधबा पाहायला शहरातली गर्दी लोटते. दुसऱ्या अंगाला उल्हास नदी ओलांडून बारवी धरणाकडे रस्ता जातो. धरणाभोवती दाट झाडी आहे, आणि झाडी आहे तिथे जनावर आहेच.

अश्विनात भात दुधावर आले की डुकरांचा कळप रात्री उतरतो. खातो त्याच्या दुप्पट तुडवतो. भात निघाल्यावर ओलीवर वाल पेरला, तर त्यालाही राखण लागते. माळ्यावर शेकोटी करून, डबे वाजवून रात्र काढणाऱ्या माणसाला धूर, सादळलेली दारू आणि न उडालेला बार यांचा राग येणे साहजिक आहे. त्याची अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय लेथवर नाही, कायद्यातच लिहिलेला आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की, ठासणीची बंदूक पीक राखायला पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो. म्हणजे काडतुसाची, कसोटीचा शिक्का असलेली, कारखान्यात घडलेली बंदूक रीतसर मागता येते. अर्ज ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे करायचा. परवाना मिळेलच असे नाही आणि वेळही लागतो. पण सातबारा, नुकसानीचे पंचनामे आणि आपली अडचण नीट मांडून अर्ज करणे हा आपला हक्क आहे.

उलट घरच्या घरी किंवा ओळखीच्या कारागिराकडून बंदूक बदलून घेणे हा मोठा गुन्हा आहे. परवान्याशिवाय बंदूक बनवणे, दुरुस्त करणे, नळी आखूड करणे किंवा एका प्रकारच्या बंदुकीचा दुसरा प्रकार करणे यांना कायद्याने बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवणे आणि बदलणे यांना कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. करून देणारा लेथवालाही त्यातून सुटत नाही. एका रात्रीचे भात वाचवायला जाऊन घरातला कर्ता माणूस तुरुंगात जाणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे, हेही घरातल्या तरुणांना सांगून ठेवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकरालाही संरक्षण आहे. उभ्या पिकाचे नुकसान होत असेल तर अधिकार असलेला वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, पण ती आधी घ्यावी लागते. नुकसान झाले की त्याच दिवशी वनरक्षकाला आणि तलाठ्याला कळवावे, फोटो काढून ठेवावेत आणि भरपाईचा अर्ज करावा. दोन-चार दिवस गेले आणि पाऊस पडून गेला की पावलांचे ठसेही राहत नाहीत.

घरात जुनी ठासणीची बंदूक असेल तर आणखी चार गोष्टी पाळाव्यात. परवानाधारक वारला असेल तर बंदूक माळ्यावर तशीच ठेवू नये. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने अर्ज करावा. बंदूक भरलेली आहे की नाही हे ठाऊक नसेल तर ती भरलेली आहे असेच समजावे, कारण ठासणीचा बार वर्षानुवर्षे नळीत पडून राहतो. गज घालून किंवा तापवून तो काढू पाहू नये, जाणत्या परवानाधारक बंदूकसाजाला दाखवावी. नळीवर फुगवटा, तडा किंवा गंजाचे खड्डे दिसले तर ती बंदूक पुन्हा उडवू नये, मग ती कितीही पिढ्यांची असो. आणि दारू व टोप्या चुलीपासून आणि पोरांच्या हातापासून लांब, कुलपात ठेवाव्यात.

पारावरच्या पोराला एवढे सगळे सांगायला वेळ नसेल, तर काकांनी थोडक्यात सांगावे : काळ्या दारूच्या बंदुकीत काळीच दारू, तीही मापाने. धूर नको असेल तर कायद्याने दुसरी बंदूक मागू, अर्ज मी लिहितो, तू सातबारा काढून आण.